निरंक

२०१९ च्या ऑक्टोबरची ३ तारीख. अण्णांच्या वाड्याच्या माडीवर मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा टाइप करत होतो: निरंक. खाली अंगणात कार्यकर्त्यांचा गलका, चहाच्या फेऱ्यांवर फेऱ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत अण्णांचा विधानसभेचा उमेदवारी अर्ज दाखल करायचा होता.

अर्ज म्हणजे नमुना २-ब, आणि त्यासोबत नमुना २६ चं शपथपत्र. उमेदवार, त्याची बायको, अवलंबून असलेली माणसं, प्रत्येकाचे स्वतंत्र रकाने. जमीन, घर, सोनं, विमा, गाड्या, कर्ज, सरकारी थकबाकी, गुन्हे. नसेल तिथे 'निरंक', म्हणजे काहीच नाही, असं लिहायचं, पण रकाना कोरा सोडायचा नाही. कोऱ्या रकान्यापायी अर्ज बाद होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच स्पष्ट केलेलं आहे. माझं तालुक्याच्या गावी टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. अण्णा पंचायत समितीचे सभापती असल्यापासून त्यांची पत्रं मी टाइप करायचो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. निवडणूक झाल्यावर मी परत इन्स्टिट्यूटला जाणार होतो. प्रत्यक्षात पाच वर्षं त्यांचा पीए राहिलो.

अण्णांचं आडनाव, पक्ष, मतदारसंघ मुद्दामच सांगत नाही. सांगितलं की पुढचं सगळं लोक त्याच चष्म्यातून वाचतात. एवढंच सांगतो, की मतदारसंघ मराठवाड्यातला, कोरडवाहू, सोयाबीन आणि कापसाचा.

दहा हजारांची अनामत भरली. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात उमेदवार धरून पाचच माणसं जाऊ शकतात. पाचवा मी होतो, ते केवळ कागदांची थप्पी माझ्या हातात होती म्हणून. साहेबांनी एकेक पान उलटून पाहिलं, पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचे एबी फॉर्म तपासले आणि शपथ वाचायला दिली. अण्णांचा आवाज भरून आलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

खर्चाची वही माझ्याकडेच होती. तेव्हा विधानसभेच्या उमेदवाराला २८ लाखांची मर्यादा होती, आता ती ४० लाख आहे. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं आणि नोंदवहीची पानं तीन रंगांची असतात: पांढरी रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. चहाचा कप, खुर्ची, मंडप, जीप, सगळ्याचे दर जिल्ह्याने ठरवून दिलेले असतात. तुम्ही चहा फुकट पाजलात तरी हिशोबात तो त्याच दराने धरायचा. प्रचार चालू असतानाच तीनदा तपासणी होते. सभा संपवून सगळे झोपायला गेले की मी वही उघडायचो. कुणाला हे कारकुनी काम वाटेल, पण त्या वहीमुळेच मला मतदारसंघ कळला. कुठल्या गावात माणसं स्वतःहून येतात आणि कुठे आणावी लागतात, ते जीपच्या नोंदींवरून समजायचं.

प्रचाराच्या त्या दिवसांतली एक संध्याकाळ सांगायलाच हवी, कारण माझी पुढची पाच वर्षं तिच्यातूनच निघाली.

एका तांड्यावर गेलो होतो. लाइट गेलेली, पाऊस नुकताच उघडलेला. अण्णा देवळाच्या ओट्यावर बसून बोलत होते. रस्ता करू, पाण्याची टाकी करू, असं चाललेलं. एक म्हातारी पुढे आली. तिच्या नातवाचा जन्म रस्त्यात, ॲम्ब्युलन्समध्ये झाला होता. सून अडली म्हणून रात्री तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथून जिल्ह्याला पाठवलं. साठ किलोमीटर. पोर वाचलं, सून वाचली नाही. म्हातारी रडत नव्हती. ती म्हणाली, "साहेब, रस्ता नको आम्हाला. रस्त्यानंच नेलं तिला. तिथं भूल देणारा डाक्टर बसवा."

अण्णांनी तिचे हात हातात घेतले. परतताना जीपमध्ये कुणीच बोललं नाही. घरी आल्यावर खर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर मी लिहून ठेवलं: भूल देणारा डॉक्टर.

मतदान २१ ऑक्टोबरला झालं. त्या दिवशी बूथवरच्या आपल्या माणसांना मी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. सकाळी मॉक पोलला, म्हणजे यंत्राच्या चाचणी मतदानाला हजर राहायचं, त्यात किमान ५० मतं पडायला हवीत आणि ती पुसली गेली की नाही हे डोळ्यांनी बघायचं. आणि संध्याकाळी १७-सी चा कागद सही-शिक्क्यानिशी घेतल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही. कुठल्या यंत्रात एकूण किती मतं पडली ते त्या कागदावर असतं. मतमोजणीच्या दिवशी टेबलावर यंत्र आलं की पहिल्यांदा तो आकडा ताडून बघायचा. २४ तारखेला आठ वाजता टपाली मतं उघडली, मग चौदा टेबलांवर यंत्रं. शेवटच्या तीन फेऱ्यांत आघाडी इकडून तिकडे हलत होती. सगळ्यात शेवटी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅटमधल्या पावत्या मोजल्या, त्या जुळल्या आणि प्रमाणपत्र हातात आलं. थोडक्या मतांनी, पण अण्णा आमदार झाले.

आणि मग महिनाभर शपथच झाली नाही. सरकार बनेना, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. इकडे परतीच्या पावसाने हाहाकार केला होता. काढून ठेवलेल्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटलेले. माणसं ते दाणे मुठीत घेऊन यायची आणि आमच्या टेबलावर ओतायची. अण्णा शेतांतून फिरत होते, पंचनाम्यासाठी तहसीलदारांना फोन करत होते, पण ज्या सभागृहात हे मांडायचं ते भरतच नव्हतं. राज्यपालांनी खरिपाच्या पिकांना हेक्टरी ८ हजारांची मदत जाहीर केली तेव्हा आम्ही ती बातमी एका बांधावर उभं राहून मोबाइलवर वाचली. शेवटी २७ नोव्हेंबरला शपथविधी झाला. मी विधान भवनाच्या आवारात बाहेर उभा होतो. अण्णांनी नंतर मला सांगितलं, "आत गेल्यावर पहिल्यांदा खुर्ची शोधली, आणि मग ती म्हातारी आठवली."

पीएचं काम काय असतं हे कुणी शिकवत नाही. सकाळी सहापासून फोन. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. पीकविम्याचे पैसे आले नाहीत. पोराला आश्रमशाळेत घालायचंय. मुंबईला ऑपरेशन आहे, मुख्यमंत्री सहाय्यता निधीचं पत्र पाहिजे. लग्न, दहावं, वास्तुशांत. रब्बीत डीपीचे फोन सगळ्यात जास्त, कारण गव्हाला पाणी एक दिवस चुकलं तरी चालत नाही. मी एक जावक वही घातली. जाणाऱ्या प्रत्येक पत्राला क्रमांक, तारीख, कुणाला, कशाबद्दल, आणि शेवटी एक रकाना: उत्तर. लोकांना पत्र मिळालं की काम झालं असं वाटतं. पत्र म्हणजे फक्त सुरुवात. त्या शेवटच्या रकान्यात काही पडावं म्हणून जी धडपड करावी लागते, तिलाच पाठपुरावा म्हणतात.

आमदारनिधीबद्दलही लोकांचा मोठा गैरसमज असतो. त्यातला एक रुपयाही आमदाराच्या हातात येत नाही. आमदार काम सुचवतो, जिल्ह्यातून प्रशासकीय मान्यता मिळते आणि यंत्रणा काम करते. आम्ही आलो तेव्हा वर्षाला २ कोटी होते, पुढे वाढत वाढत ५ कोटी झाले. शंभरावर गावांच्या मतदारसंघाला हे पैसे सभामंडप आणि पेव्हर ब्लॉकमध्ये कुठे विरतात ते कळतही नाही. डॉक्टर तर त्यातून आणताच येत नाही. त्यासाठी सभागृहच लागतं.

पहिला तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं तो, आम्ही २०२० च्या अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी टाकला. प्रश्न लिहायची ठरलेली पद्धत आहे. एक, अमुक आहे हे खरे आहे काय? दोन, असल्यास, त्याची कारणे काय? तीन, त्यानुषंगाने शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? मी मोठ्या उत्साहाने लिहिलं: सदर ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याने प्रसूतीच्या रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय?

छापील उत्तर आलं. (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

आकाशवाणी आमदार निवासाच्या खोलीत तो कागद हातात घेऊन मी कितीतरी वेळ बसलो. म्हातारीची सून गेली होती आणि कागद म्हणत होता, प्रश्न उद्भवत नाही. अण्णा चिडले नाहीत. म्हणाले, "उत्तर खोटं नसंल. आपण विचारलं काय ते बघ." चौकशी केल्यावर कळलं की ते बरोबर बोलत होते. पदं भरलेलीच होती. त्यातले भूल देणारे डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे होते. पगार इथून, काम तिथे. कागदावर पद भरलेलं, टेबलामागे खुर्ची रिकामी. मी "रिक्त" विचारलं होतं, "कार्यरत" विचारायला हवं होतं.

जे कुणी आमदाराच्या कार्यालयात नव्याने कामाला लागतील त्यांनी एवढं तरी नीट लक्षात घ्यावं. खालून माहिती मागवली जाते ती तुमच्या शब्दांवर. शब्द ढिला असेल तर उत्तर त्याच्यातून निसटून जातं, आणि तुमचं वर्ष जातं.

आमची तर दोन वर्षं गेली. १४ मार्च २०२० ला अधिवेशन गुंडाळलं आणि कोरोना आला. पुढे सप्टेंबरात दोन दिवस, डिसेंबरात दोन दिवस, २०२१ च्या जुलैत दोन दिवस, अशी अधिवेशनं झाली. प्रश्न विचारायला कसला वेळ मिळणार? त्या काळाबद्दल मी थोडकंच लिहितो, कारण २०२१ चा एप्रिल अजून मला झोपेत येतो. ऑक्सिजन सिलिंडर कुठल्या गावातून कुठल्या गाडीत निघालाय एवढंच मी चोवीस तास विचारत होतो. आमदारनिधीतून कोविडसाठी १ कोटीपर्यंत खर्चाची मुभा मिळाली, त्यातून ग्रामीण रुग्णालयाला साहित्य गेलं. ज्यांच्यासाठी फोन केले त्यातली बरीच माणसं वाचली नाहीत. जावक वहीत त्या दिवसांच्या नोंदीच नाहीत, कारण पत्र लिहायला उसंत नव्हती.

२०२२ च्या मार्चमधल्या अधिवेशनाला मी प्रश्न वेगळा लिहिला. ग्रामीण रुग्णालयात प्रसूती विभागात काम करणाऱ्या एका सिस्टर ताईंनी मला समजावून सांगितलं होतं की कुठलं रजिस्टर कुठे असतं आणि त्यात काय लिहिलेलं असतं. त्यांचं हे ऋण मी विसरणार नाही. प्रश्न असा होता: मागील बारा महिन्यांत सदर रुग्णालयात किती सिझेरियन शस्त्रक्रिया करण्यात आल्या व किती मातांना पुढे संदर्भित करण्यात आले?

आता याला होय किंवा नाही असं उत्तरच देता येत नाही. आकडा द्यावा लागतो. संदर्भित, म्हणजे दुसऱ्या रुग्णालयात पाठवलेल्या मातांपुढे आकडा आला. सिझेरियनपुढे एक शब्द होता: निरंक.

तोच शब्द, जो मी शपथपत्रात रकान्यामागून रकान्यात भरला होता. तिथे तो प्रामाणिकपणाचा होता. इथे त्याच्यामागे एका घरातली चूल विझली होती.

प्रश्नाचा क्रमांक यादीत वर लागला, हे नशीब. तासाभरात पाच-सहा प्रश्नच तोंडी चर्चेला येतात, बाकीचे नुसते छापून राहतात. मी प्रेक्षक गॅलरीतून पाहत होतो. अण्णांनी भाषण केलं नाही. छापील उत्तरातली ती ओळ वाचली, तो शब्द दोनदा उच्चारला आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, तीस खाटांचं रुग्णालय आहे, शस्त्रक्रियागृह आहे, दिवा आहे, टेबल आहे. माझ्या तालुक्यातली बाई अडली तर तिने जायचं कुठं?" शेजारच्या बाकांवरचे दुसऱ्या पक्षाचे दोन सदस्यही उठले, कारण त्यांच्याकडेही तेच होतं. मंत्र्यांनी श्रेणीवर्धनाचा प्रस्ताव तपासून घेण्याचं आश्वासन दिलं. सभागृहात दिलेलं आश्वासन नोंदलं जातं आणि त्याच्या पूर्ततेसाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. बाहेर मंडपात दिलेल्या शब्दामागे कुणीच नसतं.

श्रेणीवर्धन म्हणजे तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय पन्नास खाटांचं उपजिल्हा रुग्णालय करायचं. तसं झालं की तज्ज्ञ डॉक्टरांची स्वतंत्र पदं मागता येतात. फाइल जिल्ह्यातून उपसंचालकांकडे, तिथून वर आणि मग आरोग्य विभागाकडे. गावाकडून मुंबईला येणारे लोक मंत्रालयाच्या दारात पास काढून फिरत राहतात. आरोग्य विभागाची कार्यासनं, म्हणजे फाइली हाताळणारे कक्ष, जी. टी. हॉस्पिटलच्या आवारातल्या संकुल इमारतीत आहेत, हे मलाही पहिल्या खेपेला माहीत नव्हतं. दहावा मजला. तिथे मी इतक्यांदा गेलो की शिपाई मामा मला तालुक्याच्या नावाने हाक मारायचे. दरवेळी टिपणीवर काय शेरा आहे तेवढं विचारायचं, वहीत लिहायचं, आणि ज्या कार्यालयाकडून माहिती हवी आहे तिथे दुसऱ्या दिवशी जाऊन उभं राहायचं. एका कार्यालयात जागेचा सातबारा जोडलेला नाही म्हणून फाइल चार महिने पडून होती. सातबारा मी तलाठ्याकडून एका दुपारी आणला. चार महिने कुणी मागितलाच नव्हता.

जून २०२२ मध्ये सरकार गेलं, नवं आलं. मंत्री बदलले, त्यांची माणसं बदलली, आधी मंजूर झालेल्या अनेक कामांना स्थगिती आली. त्या दिवसांत कोण कुठे गेलं, का गेलं, यावर पुष्कळ लिहून झालंय. मला एवढीच धास्ती होती की आमची फाइल खाली येईल. डिसेंबरात अधिवेशन पुन्हा नागपूरला भरलं, कोरोनानंतर पहिल्यांदाच. थंडीत आमदार निवासाच्या खोलीत पहाटे बसून मी लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, टाइप केली आणि तिला जुन्या उत्तराची प्रत जोडली. निरंकवाली.

२०२३ मध्ये श्रेणीवर्धनाचा शासन निर्णय निघाला. तो मी मोबाइलवर पाहिला तेव्हा एसटीत होतो. पुढच्या स्टॉपवर उतरलो, रस्त्याच्या कडेला उभं राहून अण्णांना फोन लावला आणि मला बोलता येईना. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, तरतूद, निविदा, कार्यारंभ आदेश, हे सगळं होऊन २०२४ च्या उन्हाळ्याआधी पायाची खोदाई सुरू झाली. पदनिर्मिती मात्र राहिली. इमारत बरीच वर आल्याशिवाय पदांचा प्रस्ताव सहसा पुढे सरकत नाही आणि तो सरकला तरी सचिवांच्या समितीपुढे जावा लागतो. जुलैतलं अधिवेशन त्या विधानसभेचं शेवटचं होतं. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली.

पुन्हा माडी, पुन्हा नमुना २६, पुन्हा तीन रंगांची वही. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. यावेळी पाचव्या फेरीतच कळून चुकलं होतं. मी तरीही शेवटच्या टेबलापर्यंत १७-सी ताडून पाहत राहिलो. सगळे आकडे जुळत होते. अण्णा हरले होते.

का हरले, यावर ज्याला त्याला वाटतं ते तो बोलतो. मी गावोगाव फिरलो तेव्हा लोक विचारायचे, आमच्या गल्लीत काय केलं? खोदलेल्या पायाकडे बोट दाखवून मत मागता येत नाही. मला याचं वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. आमदाराचं काम पेव्हर ब्लॉकवरून मोजलं जातं, प्रश्नांच्या यादीवरून नाही. ती यादी छापलेली असते, विधानमंडळाच्या संकेतस्थळावरही असते, पण मतदारसंघातून ती वाचलेला माणूस मला पाच वर्षांत एकही भेटला नाही. म्हातारीच्या तांड्यावर आम्हाला आघाडी होती. ती स्वतः मात्र त्याआधीच्या पावसाळ्यात गेली होती.

निकालानंतरही तीस दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, हरलात तरी. तो दिला, पोच घेतली. मग आठवडाभर फाइली आवरल्या. अण्णा रोज येऊन नुसते बसायचे. एके दिवशी म्हणाले, "दवाखान्याची तेवढी त्यांना देऊन टाक."

"त्यांना?"

"मग काय घरी ठेवायची? पदं मंजूर करायची राहिलीत ना."

नवीन आमदारांचा पीए आमच्यापेक्षा तरुण, पलीकडच्या गावचा. प्रचारात आमची दोनदा बाचाबाची झालेली. मी फोन केला, तो आला. थोडा अवघडलेला होता, मीही होतो. चहा झाल्यावर फाइल त्याच्यापुढे ठेवली. जावक क्रमांकाच्या क्रमाने सगळं लावलेलं होतं: दोन्ही प्रश्न, दोन्ही उत्तरं, लक्षवेधी, शासन निर्णय, आणि सगळ्यात वर पदांचा आकृतिबंध, म्हणजे कुठली किती पदं हवीत त्याचा तक्ता. भूलतज्ज्ञाच्या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली होती.

त्याने पानं उलटली, दुसऱ्या उत्तरापाशी थांबला आणि ती ओळ बोटाने दाबून वाचली. मग खिशातून मोबाइल काढला.

"दहाव्या मजल्यावर कार्यासन कुठलं म्हणालात?"

मी नंबर सांगितला. त्याने तो लिहून घेतला.